चला, १९६५ च्या ‘मत्स्यगंधा’ला

खिशातला मोबाइल इथंच ठेवा. तिकडे तो चालणार नाही, वर कुणी पाहिलाच तर हेर समजून तुम्हाला चौकीत बसवतील. पाचशेच्या नोटाही काढा. ती नोट अजून चलनात यायची आहे. एक-दोनच्या नोटा आणि थोडी चिल्लर पुरे. कपड्यांचं म्हणाल तर पुरुषांनी सदरा-धोतर चढवावं. बायकांनी नऊवारी की पाचवारी हे स्वतःच ठरवावं, फक्त सासूबाई सोबत आहेत का ते आधी बघावं.

डोळे मिटा. आता नाकानं ओळखा कुठं आलात ते. कोळशाचा धूर, तापलेलं लोखंड, टांग्याच्या घोड्याची लीद आणि मोंढ्याकडून वाऱ्यावर येणारा सरकीच्या पेंडीचा वास. बरोबर, जालना स्टेशन. साल १९६५, उन्हाळा. जालना अजून जिल्हा नाही, औरंगाबाद जिल्ह्यातला तालुका आहे. जिल्हा व्हायला १ मे १९८१ उजाडावं लागेल. कुंडलिका आटलेली. फलाटावरची फरशी अशी तापलीय की चपलेतूनही चटका बसतो. एक हमाल डोक्यावरची पेटी न उतरवता उभ्याउभ्या बिडी ओढतोय आणि तुमच्याकडे बघतोय. तुमची वळकटी उचलायची आहे त्याला. द्या. फुकटचा बाणेदारपणा दाखवू नका, ती वळकटी तुमच्यानं उचलणार नाही.

गाडी आली. छोटी दिसते ना? मीटरगेज आहे. काचीगुड्याहून निघालेली, मनमाडपर्यंत जाणारी. तिसऱ्या वर्गाच्या डब्यात लाकडी फळ्या, आणि प्रत्येक फळीवर असायला हवीत त्याहून जास्त माणसं. खिडकीतून आधी तुमचा फिरकीचा तांब्या आत जातो, मग वळकटी, मग एक पोर (तुमचं नव्हे, कुणाचं तरी), आणि शेवटी दारातून तुम्ही. “ओ भाऊ, सरका जरा,” असं म्हणा. कुणी सरकणार नाही, पण म्हटल्याशिवाय बसायलाही मिळत नाही.

समोरच्या फळीवर एका कापसाच्या आडतीवरचे मुनीमकाका बसलेत. काळी टोपी, कपाळावर घामानं ओघळलेलं गंध, मांडीवर कापडी पिशवी.

“कुठं चाललात?”

“मुंबईला.”

“कोर्टाचं काम?”

“नाही. नाटकाला.”

अख्खा डबा तुमच्याकडे वळतो. कोपऱ्यातली म्हातारी शेजारणीला मोठ्यानं विचारते, “लग्न झालंय का याचं?” मुनीमकाका मात्र हसतात, पिशवीतून दशम्यांचं फडकं काढतात आणि एक दशमी शेंगदाण्याच्या चटणीसकट तुमच्या हातावर ठेवतात. “कोणतं? मत्स्यगंधा?” आता तुमचा घास घशात अडकतो. यांना कसं कळलं? त्यात काही जादू नाही. हॉटेलातल्या रेडिओवर त्या नाटकातली पदं लागायला लागल्यापासून सदर बाजारातले दोन-चार तरी लोक चहा गार होईपर्यंत बसून राहायला लागलेत. काका त्यांतले एक. कामासाठी ते मुंबईला वर्षातून कैकदा जातात आणि घरी न सांगता एखादं नाटक पाहून येतात.

गाडी चालू झाली की एक गोष्ट पाळा: खिडकीतून बाहेर बघायचं, पण इंजिनाच्या दिशेनं बघायचं नाही. बघितलंत? झालं. कोळशाचा कण डोळ्यात गेला. चोळू नका. म्हातारी पदराच्या टोकाला फुंकर मारून ते तुमच्या डोळ्यावर ठेवते. मघाशी तुमच्या लग्नाची चौकशी करणारी हीच. बदनापूर, करमाड, औरंगाबाद. दौलताबादचा किल्ला बाजूनं बराच वेळ सोबत करतो. लासूर, रोटेगाव. काळी रानं नांगरून उलथी पडलेली, वाऱ्याबरोबर त्यांची धूळ आत येते आणि दातांत करकरते. पाण्याचा एक ठिपका दिसत नाही. एखादी विहीर, तिच्यावर मोट ओढणारे बैल, बस. हे नीट बघून ठेवा. तुम्ही पाण्याचं नाटक बघायला निघालाय, आणि तुमच्या गावापासून समुद्र रुळांवरून चारशे किलोमीटरच्या वर आहे. मुनीमकाकांनी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्यांचं लग्न होऊन दोन मुलं झाली होती.

मनमाडला मीटरगेज संपतं आणि माणसांबरोबर मालालाही उतरावं लागतं. हमाल इकडच्या वाघिणीतली पोती पाठीवर घेऊन तिकडच्या वाघिणीत टाकतायत, त्यांच्या पाठीवर घाम आणि पिठाचा राप चढलाय. तुम्ही वळकटी घेऊन पूल चढा, उतरा, धक्के खा आणि मोठ्या गाडीत घुसा. इथून पुढं जरा भराभर जाऊ. नाशिकरोडला काका खिडकीतून बोट दाखवतात: या गावातल्या कॉलेजात मराठी शिकवणारे एक प्राध्यापक आहेत, वसंत कानेटकर. नाटक त्यांचंच. पदंही त्यांनीच लिहिलीत. दोन-तीन वर्षांपूर्वी त्यांचं ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ आलं आणि महाराष्ट्र वेडा झाला. तेही याच संस्थेचं, गोवा हिंदू असोसिएशनचं. इगतपुरीला धुराचं इंजिन सुटतं, विजेचं जोडतात, तेवढ्यात तुम्ही पानावरचा गरम वडा दोन घासांत संपवता आणि जीभ भाजून घेता. घाटातल्या प्रत्येक बोगद्यात डब्यातली पोरं ओरडतात. पोरांबरोबर मुनीमकाकाही ओरडतात.

कल्याण ओलांडलं आणि हवा बदलली. जालन्याचं ऊन भाजतं, पण घाम धरू देत नाही. इथं तुम्ही काहीच केलेलं नाही, नुसते बसलाय, आणि सदरा पाठीला चिकटलाय. नाकात काहीतरी ओलं, खारं, जरा कुजकट शिरतं. काका डोळे मिटून म्हणतात, “आलं.”

बोरीबंदरला उतरल्यावर गांगरू नका. ट्राम शोधू नका, ती गेल्या वर्षीच बंद झाली. दुमजली बस घ्या, वर बसा. गिरगावात काकांच्या ओळखीच्या चाळीत एका खोलीत नऊ माणसं राहतात, दहावे तुम्ही. गॅलरीतून चालताना प्रत्येक दारातून वेगळा वास येतो: इथं फोडणी, तिथं गोधडीचा ओलेपणा, पलीकडे उदबत्ती, टोकाला संडास. सकाळच्या पाण्यासाठी नळाला आत्ताच बादल्या लावून ठेवल्यात. तुम्हाला तोंड धुवायला अर्धा तांब्या मिळतो. मराठवाड्यातल्या माणसाला त्याचं नवल नाही. नवल याचं, की इतकं पाणी बाजूला पसरलेलं असूनही हे लोक अर्ध्या तांब्यावरच आहेत.

ते पाणी आता बघून घ्या. चौपाटी पायी दहा मिनिटांवर आहे. वाळू गरम, भेळवाल्याची हाक, कांदा-चिंचेचा वास, आणि त्यापलीकडे तो. पुढं सरका. पायाखालची वाळू लाट ओढून नेते आणि तुमचा तोल जातो. हे कुणी सांगितलं नव्हतं ना? चित्रात समुद्र स्थिर असतो. खरा समुद्र तुम्हाला आत ओढतो. परत फिरताना डोक्यावर पाटी घेतलेली एक कोळीण तुमच्या अंगावरून निघून जाते, ताठ मानेनं, भराभर. मासळीचा वास तिच्या मागोमाग रस्ताभर राहतो. शेजारचे गृहस्थ नाकाला रुमाल लावतात. तो रुमाल लक्षात ठेवा. आज रात्रीचं नाटक त्या रुमालाबद्दलच आहे.

कारण ‘मत्स्यगंधा’ ही अशाच एका बाईची गोष्ट. यमुनेवर नाव वल्हवणारी, कोळ्याच्या घरात वाढलेली मुलगी. अंगाला मासळीचा वास. महाभारतातला ऋषी पराशर तिच्या नावेत बसतो, तिच्यावर भाळतो, तिचा गंध सुगंधात बदलतो आणि निघून जातो. मग येतो हस्तिनापूरचा राजा शंतनू. कोळ्याची मुलगी राणी होईल, पण तिचेच मुलगे गादीवर बसले पाहिजेत, अशी अट पडते. त्या अटीपायी शंतनूचा तरुण मुलगा देवव्रत जन्मभर लग्न न करण्याची शपथ घेतो आणि भीष्म होतो. गोष्ट तुम्हाला आजीनं सांगितलेलीच आहे. पण आजीनं ती भीष्माच्या बाजूनं सांगितली होती. कानेटकर ती मत्स्यगंधेच्या बाजूनं सांगतात: फसवली गेलेली मुलगी पुढं काय होते, आणि तिच्या कडवटपणाची किंमत कोणाकोणाला मोजावी लागते.

केळेवाडीत वळलात की गर्दी सुरू होते. साहित्य संघाच्या नाट्यगृहाच्या दारात मोगऱ्याचे गजरे विकायला बसलेत, त्यांच्यावर सारखं पाणी शिंपडतायत. टेरिलीनचे शर्ट, धोतरं, इस्त्रीचे पदर, लहान मुलं, काठ्या. अत्तर, घाम, कापूर, तळण. तिकिटाच्या खिडकीवर भांडण चाललंय, नेहमीचंच. एक गृहस्थ सांगतायत की आपण बालगंधर्वांची नाटकं पहाटेपर्यंत ऐकलीत, त्यामुळे आपल्याला पुढची खुर्ची मिळालीच पाहिजे. मिळत नाही. काकांनी तुमचं तिकीट आधीच काढवून ठेवलंय, मागच्या रांगेतलं. बसा. शेजारच्या बाई जाहिरातीच्या कागदाची घडी करून वारा घेतायत. त्यातला थोडा तुमच्या वाट्यालाही येतो.

पहिली घंटा. लोक बसत नाहीत. दुसरी घंटा. लोक बसल्यासारखं करतात. पडद्यापाशी धूप फिरतो, नारळ फुटल्याचा आवाज येतो, ऑर्गनवर कुणीतरी हलकेच सूर धरून बघतं, तबल्यावर हातोडी पडते. तिसरी घंटा. दिवे गेले.

या अंधाराचा फायदा घेऊन तुम्हाला आणखी मागं ढकलतो. घाबरू नका, पडदा उघडायच्या आत परत आणतो.

गोवा. मंगेशी. एकोणीसशे तिसाचं दशक. पहाट. पायाखाली ओला जांभा, हवेत चाफा आणि शेवाळ. देवळापुढची तळी काळी दिसते, पांढरी दीपमाळ अंधारातही ओळखू येते. गाभाऱ्यात पाण्याची धार पिंडीवर पडतेय, तिचा आवाज एकसुरी, न तुटणारा. हे अभिषेक करणाऱ्यांचं घराणं. मूळ आडनाव नवाथे, पण कामावरून नाव पडलं अभिषेकी. घरातले वडील कीर्तन करतात, मुलाला पहाटे उठवून गळा तयार करायला बसवतात. हाच मुलगा पुढं जितेंद्र अभिषेकी, जन्म १९२९ चा. मास्टर दीनानाथ मंगेशकरांचं गावही हेच, त्यामुळे गावातल्या पोरानं गाणं म्हणणं यात कुणाला विशेष वाटत नाही. त्याला झोप येतेय, डोळे मिटतायत, पण सूर सुटला तर वडिलांच्या कानाला कळतं. जाता जाता एक सांगतो: हा देव मुळात इथला नाही. झुआरीच्या पलीकडे कुशस्थळीला होता. पोर्तुगीजांच्या काळात भक्तांनी त्याला नदीपार या बाजूला आणलं. गोव्यात देवालाही पाणी ओलांडावं लागलं, माणसांचं तर विचारूच नका. लग्नाला, बाजाराला, बाळंतपणाला, जिकडं जायचं तिकडं मध्ये नदी येते, आणि काठावर उभं राहून पलीकडच्या होडीला हाक मारावी लागते.

हा मुलगा पुढं शिकायला महाराष्ट्रात आला. मुंबईच्या आकाशवाणीवर कोकणी विभागात नोकरी केली, आग्रा घराण्याच्या जगन्नाथबुवा पुरोहितांकडे गाणं शिकला, अझमत हुसेन खाँसाहेबांकडेही शिकला. आता पस्तिशीतला आहे, आणि पडद्यामागं वाजणाऱ्या त्या ऑर्गनला आज काय वाजवायचं हे त्यानं ठरवलंय: ‘मत्स्यगंधा’चं संगीत त्याचं.

परत या. पडदा वर गेला.

नाटकात पाणी दिसत नाही. दिसायची गरजही पडत नाही. पराशराच्या भूमिकेत रामदास कामत उभे आहेत. दिवसा एअर इंडियात नोकरी आणि रात्री ऋषी, या संस्थेतले बहुतेक असेच नोकरी सांभाळून नाटक करणारे. त्यांनी पहिला सूर लावला आणि तुमच्या शेजारच्या बाईंचा कागद थांबला. तुम्ही जी संगीत नाटकं ऐकून आहात त्यांत नट गाऊ लागला की गोष्ट थांबते, ती पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा निघते. इथं गाणं सुरू झालं तसं गोष्टीनं पाऊल टाकलं. चाल सोपी वाटते, गुणगुणावीशी. दुसऱ्या ओळीला ती अशा ठिकाणी वळते की गुणगुणणारा आपटतो. एक छोटी तान, उगाच नाही, शब्दाला लागून आलेली. आणि संपलं. टाळ्या सुरू व्हायच्या आत पुढचं वाक्य आलं.

“वन्स मोअर!” मागून कुणीतरी ओरडलं. पुढच्या रांगेतले बालगंधर्ववाले गृहस्थ मात्र हात बांधून बसलेत. त्यांचं म्हणणं तुम्हाला थोड्याच वेळात ऐकावं लागणार आहे.

आशालता वाबगावकर मत्स्यगंधा आहेत. गोव्याच्याच. त्यांच्या गाण्यात बैठकीचा थाट नाही, बोलता बोलता गळा भरून यावा आणि त्याचं गाणं व्हावं असं काहीतरी आहे. दोघांचं मिळून एक पद आहे, प्रेमाचं, आणि त्या पदाच्या लयीत वल्ह्याचा हेलकावा आहे: पुढं, थोडं थांबून, पुन्हा पुढं. कुणी सांगितलं म्हणून कळत नाही. दुपारी चौपाटीवर तुमचे पाय वाळूत सरकले होते, त्या पायांना कळतं. मास्टर दत्तारामांच्या दिग्दर्शनात उगाच हालचाल नाही. पराशर जातो. तो जाणार हे सगळ्या थिएटराला ठाऊक आहे, तरी तो गेल्यावर कुणीतरी “अरेरे” म्हणतं.

मध्यंतर. बाहेर चला. वडे, चहा, विडीचा धूर, आणि वाद.

“हे काय गाणं झालं? सुरू होतंय तोवर संपलं,” बालगंधर्ववाले.

“मग काय, तिनं नावेत बसून तासभर आळवायचं? तोवर ऋषी पलीकडच्या काठाला पोचला असता,” मुनीमकाका.

“अहो, आलाप म्हणून काही असतं!”

“असतं की. पण बाई फसवली गेलीय, मैफल नाही तिची.”

चहाच्या कपावर कप आपटतात. दोघांनाही फार आनंद होतोय. यांना पंधरा मिनिटं भांडू द्या, तेवढ्यात आपण लंडनला जाऊन येऊ.

हो, लंडनला. वीस वर्षं मागं, ७ जून १९४५. युद्ध युरोपात संपून महिना झालाय. सॅडलर्स वेल्स नावाचं थिएटर कित्येक वर्षांनी पुन्हा उघडतंय. रस्त्यात पडक्या घरांच्या रिकाम्या जागा, विटांच्या भुकटीचा वास. रांगेत उभ्या बायकांचे कोट जुने, अंगांना डांबराच्या गोळ्यांचा वास. सगळं रेशनवर. तुम्हाला चहा मिळतो, साखर मागू नका. आत धूर, गर्दी, कुजबुज. नव्या ऑपेराचं नाव ‘पीटर ग्राइम्स’. रचणारा बेंजामिन ब्रिटन, वय एकतीस, इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर समुद्रासमोरच्या घरात जन्मलेला. गोष्ट एका कोळ्याची. त्याच्या होडीवर कामाला ठेवलेला पोरगा मरतो, मग दुसराही मरतो, आणि किनाऱ्यावरचं गाव त्याच्यामागं लागतं. दोन प्रवेशांच्या मध्ये पडदा पडलेला असताना सगळे वादक मिळून नुसता समुद्र वाजवतात: सकाळचा, चांदण्यातला, वादळातला. तुमच्या खुर्चीचे पाय थरथरतात. आपल्याकडे तेच काम एक ऑर्गन आणि एक तबला करतो, हे तुम्हाला आत्ता आठवलं तर बरं वाटेल.

पण तुम्हाला इथं आणलं ते शेवटासाठी. ऑपेरात सगळं गाऊन बोलतात, दाराला कडी लावली तरी गाऊनच सांगतात. शेवटी ग्राइम्स भ्रमिष्ट होतो, वाद्यवृंद गप्प होतो, लांबून फक्त धुक्यातला भोंगा आणि त्याच्या नावानं मारलेल्या हाका. मग एक म्हातारा दर्यावर्दी त्याला सांगतो: होडी घे, किनारा दिसेनासा झाला की बुडव तिला, तिच्याबरोबर तूही. आणि हे तो गाऊन सांगत नाही. नुसतं बोलतो. साध्या आवाजात. इतका वेळ गाणं ऐकलेल्या तुमच्या अंगावर त्या बोलण्यानं काटा येतो. पुढं सकाळ होते, गाव कामाला लागतं, समुद्रात कुठंतरी एक होडी बुडाल्याची बातमी येते आणि तीही कुणी फारशी मनावर घेत नाही. पडदा पडतो. सगळं थिएटर गप्प. मग टाळ्या, आणि त्या थांबतच नाहीत.

हा ब्रिटन १९५५ च्या शेवटी भारतातही येऊन गेला, दिल्लीत रविशंकरांची सतार ऐकून गेला. मराठी संगीत नाटक त्यानं ऐकायला हवं होतं असं मला फार वाटतं. कारण तो जिथं गाणं थांबवतो, तिथंच आपण सुरू करतो. त्याच्याकडे सगळे गातात, म्हणून दुःख टोकाला गेलं की माणूस बोलतो. आपल्याकडे सगळे बोलतात, म्हणून दुःख टोकाला गेलं की माणूस गातो. आपल्या जुन्या नाटकांनी मात्र पदांची एवढी खैरात केली की नायक सुखात गातो, रागात गातो, पत्र वाचताना गातो, आणि शेवटी खरंच रडायची वेळ येते तोवर ऐकणाऱ्याचं मन बधिर झालेलं असतं. अभिषेकींनी पद छोटं केलं, हे सगळे सांगतात. पद नेमकं कुठं यावं हे त्यांनी ओळखलं, हे मला जास्त मोठं वाटतं.

घंटा. पळा, दुसरा भाग सुरू होतोय. काका तुमच्या चहाचे पैसे देऊन बसलेत आणि तुम्ही कुठं होता याची चौकशी करत नाहीत.

आता मत्स्यगंधा राणी सत्यवती आहे. अंगाला मासळीचा वास नाही, सुगंध आहे. नाकाला रुमाल लावणारे आता हात जोडून उभे आहेत. आणि तिच्याकडे बघवत नाही. तिच्या मुलांनी गादीवर बसावं म्हणून एका माणसाचं आयुष्य कोरडं केलं गेलं, आणि ती मुलंच निपुत्रिक मरतात. अंबा येते, अपमानानं पेटलेली. भीष्म येतो, वचन घट्ट धरून. वंश टिकावा म्हणून घातलेल्या अटीनं वंशच बुडवला. थिएटरात उकाडा वाढलाय, गजरे कोमेजून त्यांचा वास जड झालाय, एका मुलाला झोप लागून त्याचं डोकं तुमच्या दंडावर पडलंय. हलू नका.

ती बोलतेय, बोलतेय, आणि एका क्षणी बोलायला काही उरत नाही. ऑर्गनचा एक सूर. ती गाते. जगण्याला काही अर्थच उरला नाही, असं सांगणारं पद. मोठ्यानं नाही, ताना नाहीत, गळा फिरवून दाखवायचा हव्यास नाही. सूर वर जायला निघतो आणि थकून खाली येतो. दुपारी ती कोळीण ताठ मानेनं गेली होती. हिची मान आता ताठ नाही. पुढच्या रांगेत बालगंधर्ववाल्यांचे बांधलेले हात सुटलेत. पद संपल्यावर सबंध थिएटरात कुणी “वन्स मोअर” म्हणत नाही. मघाशी ओरडलेला माणूसही नाही.

बाहेर आलात की अंग गार पडतं, घाम सुकतो. रात्र बरीच झालीय. फुलांच्या टोपल्या रिकाम्या, रस्ता धुतलेला, चाळींच्या गॅलऱ्यांत लोक आडवे झालेत. बालगंधर्ववाले गृहस्थ तुमच्या काकांना गाठतात. आता पुन्हा भांडण, असं तुम्हाला वाटतं. ते म्हणतात, “तो अभिषेकी पोरगा कोणाकडे शिकला हो?” काका सांगतात. म्हातारा मान हलवतो आणि म्हणतो, “तरीच.” एवढीच कबुली. मग तो चालत जातो, आणि कोपऱ्यावर वळताना पहिल्या पदाची चाल गुणगुणतो, दुसऱ्या ओळीला आपटतो, पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो.

तुम्हालाही आता निघायला हवं. परतीच्या प्रवासाचं वर्णन करत नाही. येताना होतं तेच सगळं उलट क्रमानं, फक्त दशम्या संपलेल्या. अभिषेकी याच्यापुढं ‘ययाति आणि देवयानी’ करतील, ‘कट्यार काळजात घुसली’ करतील, शिष्यांची एक पिढी उभी करतील आणि १९९८ मध्ये जातील. आशालताबाई २०२० मध्ये जातील, रामदास कामत २०२२ मध्ये. मीटरगेज उखडलं जाईल आणि जालन्याहून मुंबईला जाताना मनमाडला उतरावं लागणार नाही. या गोष्टी डब्यात कुणाला सांगू नका, विश्वास बसणार नाही.

घरी पोचल्यावर मोबाइल हातात घ्याल तेव्हा त्यावर ‘मत्स्यगंधा’ची पदं सहज सापडतील, एकापाठोपाठ एक, गोळा करून ठेवलेली. तशी ऐकू नका. ती मैफलीसाठी बांधलेली नाहीत, नाटकासाठी बांधलेली आहेत. कानेटकरांची संहिता पुस्तकरूपानं छापलेली आहे, ती मिळवा. एका संध्याकाळी घरातल्या दोघा-चौघांना बसवा, संवाद मोठ्यानं वाचा, आणि पद येईल तिथंच ते लावा, त्याच्या आधी नाही.